कार्टूननं मुलं बिघडतात म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मालवण-कुडाळकडच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. टॉम अँड जेरी मारामारी शिकवतं, डोरेमॉन आळस शिकवतं, नऊ मिनिटं कार्टून पाहिलं की मेंदू मंद होतो हे अमेरिकेत सिद्ध झालंय, पूर्वीची मुलं असलं काही न बघता वाढली म्हणून गुणी निघाली. तेव्हा टीव्ही आणि मोबाइल आजच बंद करा, असं त्यात म्हटलंय. मी बालवाडी चालवते. तीन ते सहा वर्षांची मुलं रोज माझ्यासमोर ही कार्टून खेळून दाखवतात, म्हणून हे लिहिते आहे.

मारामारीची भीती हवेतली नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या प्रयोगात, मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला बडवताना पाहिलेली मुलं स्वतःही तिला बडवू लागली. 1963 मध्ये त्यांनी मांजराच्या वेशातलं पात्र पडद्यावर दाखवलं, मुलांनी तेही उचललं. पण ती बाहुली मार खाण्यासाठीच बनवलेली होती, आणि मुलांची पाहणी झाली ती थोड्याच वेळात. त्यावरून पोर जन्मभराचं हिंसक होतं असं ठरत नाही. शिवाय शांतपणे खेळणारा मोठा माणूस ज्यांना दाखवला, ती मुलं बाहुलीच्या वाटेला फारशी गेली नाहीत, हे मेसेजवाले सांगत नाहीत.

माझ्याकडची एक चार वर्षांची मुलगी टॉमबद्दल विचारत होती, "बाई, तेका एवढा लागला, तरी तो मराक कसो नाय?" माडावरनं पडलेला माणूस उठून धावत नाही, हे तिला घरात कळलेलं होतं. चित्रातलं लागणं आणि खरं लागणं ती स्वतःच वेगळं करत होती. या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं का, हे मला मारामारीच्या दृश्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

डोरेमॉनचा आरोप तर गोष्ट शेवटपर्यंत न पाहता केलेला आहे. त्यातला मुलगा नोबिता आळशी आहेच. पण बहुतेक भागांत होतं काय? तो डोरेमॉनकडून एखादं यंत्र मागून घेतो, हावरटपणानं नको तितकं वापरतो आणि शेवटी तेच त्याच्या अंगाशी येतं. मुलांना हा शेवट पाठ असतो. खेळताना जो नोबिता होतो, तो शेवटी धडपडून रडायला तयारच असतो. उसन्या युक्तीनं काम कायमचं निभत नाही, हे पाच वर्षांच्या मुलाला मी भाषण देऊन पटवू शकले नसते.

नऊ मिनिटांचा अभ्यास खरा आहे, 2011 चा. चार वर्षांच्या 60 मुलांपैकी काहींना वेगवान कार्टून दाखवलं, काहींना संथ, काहींना चित्रं काढायला दिली. लगेच घेतलेल्या चाचण्यांत वेगवान कार्टूनवाली मुलं मागे पडली. संथ कार्टूनवाली चित्रं काढणाऱ्यांच्या बरोबरीनं राहिली. म्हणजे काय लावून देता याचा फरक पडतो. किती वेळ, याचाही पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, त्याहून कमी तर उत्तमच. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे.

आणि पूर्वीची मुलं! आमच्याकडे जत्रेत रात्रभर दशावतार बघून पोरं दुसऱ्या दिवशी अंगणात काठ्यांच्या तलवारी करून राक्षस मारायची. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची चित्रकथी तर चित्रांतूनच गोष्ट सांगते. एकेक चित्र पुढे धरायचं आणि सोबत गायचं, सांगायचं. चित्रं तेव्हाही होती, राक्षसही होते. पण चित्र धरणारा माणूस समोर असायचा आणि बघणारं पोर आजीच्या मांडीवर. आता त्याच वयाचं मूल मोबाइल घेऊन पडवीत एकटं बसतं आणि आपण आत मासे साफ करत असतो. माझी खरी तक्रार या एकटेपणाबद्दल आहे.

कारण सगळ्यात धोक्याचा धडा मारामारीतून येतोच असं नाही. पेपा पिग या कार्टूनच्या एका भागात आठ पायांचा कोळी काही करत नाही, घाबरू नका, असं प्रेमानं सांगितलंय. ऑस्ट्रेलियात विषारी कोळी आहेत, म्हणून तिथल्या सरकारी वाहिनीनं 2012 मध्ये तो भाग प्रक्षेपणातून काढला. इंग्लंडमध्ये बनवलेल्या त्या गोष्टीचा हेतू चांगलाच होता. आपल्याकडे गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांत फुरसं हा विषारी साप असतो, लाल विंचू असतो. या विंचवाच्या दंशानं मुलं दगावायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला, तेव्हा ते प्रमाण घटलं. कार्टूनमधला विंचू मात्र गोल डोळ्यांचा आणि हसरा असतो. तसा विंचू तुमच्या मुलानं पाहिला असेल तर मोबाइल हिसकावून भागणार नाही. त्याला हाताला धरून परड्यात न्या आणि कुठल्या फटीत हात घालायचा नाही ते दाखवा.