स्टँडावरच्या फेऱ्या

माझी साखर सीमेवर आहे. डॉक्टरांनी रिपोर्टवरच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या (HbA1c) 6.1 या आकड्याभोवती गोल काढला आणि म्हणाले, "5.7 ते 6.4. म्हणजे अजून तिकडं गेला नाहीत, पण इकडचेही राहिला नाहीत." बेळगावच्या माणसाला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. 1956 पासून आमचं हेच चाललंय, आणि 2004 साली सुप्रीम कोर्टात गेलेल्या दाव्याच्या आधी माझ्या साखरेचा निकाल लागेल, असं दिसतंय.

काम फिरतीचं. शेतीपंपांच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी गोळा करत निपाणी, चिकोडी, गोकाक, कधी खानापूर. म्हणून डॉक्टरांनी प्रवासातलाच व्यायाम सांगितला. बस थांबली की उतरायचं आणि चालायचं. तासन्‌तास बसून पायातलं रक्त साकळतं, ते वर ढकलणारा पंप म्हणजे पोटरीचा स्नायू. पंपाचं नाव काढल्यावर मला पटलंच. लेकीनं मोबाइलमध्ये पावलं मोजायचं ॲप घालून दिलं, रोजची दहा हजार. हा आकडा काही कुणा वैद्यानं काढलेला नाही बरं का! 1965 साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते, तिथून तो जगाच्या मागं लागला. कुणा जपान्याचा माल खपावा म्हणून मी आमच्या स्टँडांवर गरगरतोय.

तर परवा. निपाणीहून परत येताना मधल्या एका स्टँडावर (नाव सांगत नाही, तिथं मला पुन्हा उतरायचं असतं) कंडक्टर "हत्तु मिनिट" म्हणून चहाला गेला. खिडकीच्या जागेवर रुमाल टाकून मी खाली उतरलो आणि फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागलो. घाम येईल असं चालायचं होतं, म्हणून हातही जोरात हलवत होतो.

"काय हरवलंय काय ओ?"

बाकड्यावर एक म्हातारबा बसले होते. पांढरी टोपी, धोतर, मांडीवर पिशवी, पिशवीतून मेथीची पेंडी बाहेर डोकावत होती.

"काही नाही बाबा, चालतोय."

"चालतासा ते दिसालंय की. पर जातासा कुठं?"

"कुठंच नाही."

"मग चालतासा कशाला?"

इथं मी "पाय मोकळे करतोय" म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "तब्येतीसाठी."

"काय झालंय तब्येतीला?"

"काही झालं नाही. होऊ नये म्हणून."

"म्हणजे झालंय." त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, मला खालून वर बघितलं आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लघवीला जळजळ हाय?"

पलीकडच्या बाकड्यावरच्या कॉलेजच्या पोरी मोबाइल सोडून माझ्याकडं बघायला लागल्या.

"नाही हो!"

"खडा हाय तुमच्या पोटात. आमच्या मेव्हण्याला हुता. बसवत न्हाई, झोपवत न्हाई, नुस्ता अंगणात येरझाऱ्या. असेच हात हलवायचा."

"बाबा, मला मुतखडा नाही."

"पयलं कोनच कबूल करत न्हाई."

मग औषधं सुरू झाली. हुलग्याचं कढण. पानफुटीची पानं, तीही उपाशीपोटी. केळीच्या खुंटाचा रस. मागून कुणीतरी बियर सुचवली, त्याला म्हातारबांनी गप्प केलं, पण पुरतं नाही. किती दिवस घ्यायची हे विचारून घेतलं. तेवढ्यात एका मावशींनी "एन आग्यादरी?" म्हणून चौकशी केली. म्हातारबांनी अस्खलित कन्नडमध्ये माझी केस त्यांना सांगितली. आमच्याकडं पाटीवरून, फलकावरून जीव जाईस्तोवर भांडतील, पण दुसऱ्याच्या दुखण्यावर दोन्ही भाषा एकदम धावून येतात. मावशींचा चेहरा पडला. "पाप," म्हणाल्या, म्हणजे कन्नडमध्ये बिचारा, आणि बाटली पुढं केली, "नीर कुडीरी, नीर."

पाणी प्या. सगळ्यांचा सल्ला इथंच येऊन थांबतो. प्रवासात भरपूर पाणी प्या! पिऊन जायचं कुठं, हे एकही डॉक्टर सांगत नाही. स्टँडावरची मुतारी कुठं आहे ते विचारावं लागत नाही, वाऱ्याच्या दिशेनं गेलं की सापडते. माझी बायको माहेरी हुक्केरीला जाते तेव्हा सकाळचा चहासुद्धा घेत नाही. तिनं पाणी प्यायचं कधी, आणि तिला काही झालं तर चुकलं कुणाचं? खाण्याचं तेच. स्टँडावर मिरची भजी, गिरमिट आणि बन. दुकानात गेलो की मालक कुंदा पुढं करतो, नको म्हटलं की ऑर्डर निम्मी होते. गोकाकचे एक शेठ तर म्हणाले, "कुंदा नको तर कर्दंट खावा, पौष्टिक असतंय, साखर न्हाई, गूळ." गूळ! आठवड्याला निदान 150 मिनिटं व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. त्याहून जास्त वेळ मी बसमध्ये दांडी धरून उभा असतो. तो कुठं धरतात? हे सल्ले ज्यांच्या हॉटेलात जिम असते त्यांच्यासाठी लिहिलेले असतात, आणि वाचावे लागतात आम्हाला.

शिट्टी वाजली. मावशींची बाटली परत करून आत चढतोय तर माझ्या खिडकीला म्हातारबा.

"बाबा, ही जागा माझी. रुमाल होता."

"ह्यो तुमचा व्हय?" त्यांनी बुडाखालून रुमाल काढला, झटकला, नीट चौघडी घालून माझ्या हातात दिला. "तुम्ही बसू नकासा. उभंच ऱ्हावा. धक्क्यानं खडा खाली उतरतोय."

बस खच्चून भरलेली. जून 2023 पासून बायकांना राज्यात साध्या बसचं तिकीट नाही. त्याचं मला दुःख नाही. माझी आई त्यामुळंच सौंदत्तीच्या यल्लम्माला कुणाला पैसे न मागता जाऊन आली. पण गर्दी वाढली तशी निदान माझ्या वेळेला दुसरी गाडी आलेली नाही. तिकीट काढून उभं राहणारा मी, आणि माझ्या जागेवर बसून माझ्यावर उपचार करणारे ते.

यमकनमर्डीला म्हातारबा उतरले. उतरताना कंडक्टरच्या कानाशी लागून काहीतरी बोलले, माझ्याकडं बोट केलं. मला वाटलं, आजारी माणूस आहे, जागा द्या, असं सांगत असतील. तेवढ्यापुरता त्यांच्यावरचा राग गेलासुद्धा.

वंटमुरीचा घाट लागला आणि कंडक्टरनं शिट्टी मारली. बस कडेला थांबली.

"इळीरी," तो मला म्हणाला. "लगु बर्री." म्हणजे उतरा, लवकर या.

"का?"

"अज्जा सांगून गेला. लाजू नकासा."

"अहो, मला लागलेली नाही!"

अख्खी बस माझ्याकडं बघत होती. मागून एक बाई म्हणाली, "जावा की ओ दादा, पोरं शाळेतनं यायची वेळ झाली आमची." ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

उतरलो. एका झुडपामागं बसकडं पाठ करून उभा राहिलो. काही न करणाऱ्या माणसानं किती वेळ उभं राहिलं म्हणजे लोकांचं समाधान होतं, याचा अंदाज येईना. दोनदा निघालो, लवकर होईल वाटून पुन्हा थांबलो. शेवटी हॉर्न वाजला तेव्हा परत आलो आणि खाली बघत पायरी चढलो.

पहिल्या सीटवरच्या आजीनं माझा हात धरला.

"पडला काय रे बाळा?"