मुंबई–लंडन विमान पाच तासांत पोहोचत नाही

जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एका तिकिटाचा फोटो फिरतोय. मुंबईहून दुपारी 1:30 ला निघायचं, लंडनला सायंकाळी 6:30 ला पोहोचायचं; खाली मजकूर, ‘नवीन विमान, फक्त पाच तासांत लंडन!’ हे खरं नाही.

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. उन्हाळ्यात तिथं 6:30 वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे 11 झालेले असतात. म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा. अंतरच सुमारे 7,200 किलोमीटर आहे आणि प्रवासी विमान ताशी 900 किलोमीटरच्या आसपास उडतं. त्यात वरच्या थरातला पश्चिमेकडून येणारा जोराचा वारा जाताना समोरून लागतो. येताना तोच पाठीशी असतो, म्हणून परतीला बहुतेक वेळा कमी तास लागतात, जरी तिकिटावरच्या दोन वेळांमध्ये ते 13-14 दिसले तरी. आवाजापेक्षा वेगवान असलेलं काँकॉर्ड 2003 मध्येच बंद झालं. आज तसं एकही प्रवासी विमान सेवेत नाही.

मुलांकडे निघालेल्या आईवडिलांनी हे नीट समजून घ्या, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी. डोसच्या वेळा डॉक्टरांना विचारताना प्रवासाचे खरे तास सांगा. तिकिटावर प्रवासाचा एकूण कालावधी बहुधा वेगळा दिलेला असतो, तोच धरा. परतीच्या तिकिटावर तारीखही बघा. लंडनहून दुपारी निघालेलं विमान मुंबईत मध्यरात्रीनंतर उतरतं, त्यामुळे भुसावळकडच्या गाडीचं आरक्षण पुढच्या तारखेचं लागेल.