अंगठेबहाद्दरांसाठी चार युक्तीच्या गोष्टी

सच्चा चाहता व्हायचंय? मैदानात जायची गरज नाही. उजवा अंगठा धड असला आणि दिवसाचा डेटा संपला नसला की झालं. उचलला अंगठा, लावला स्क्रीनला.

सुरुवात शिव्यांपासून करा. कौतुकाला लाइक कमी पडतात. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पांड्याला कर्णधार केलं, तेव्हा आपल्यातल्या जाणत्यांनी काय केलं ते आठवा. हार्दिकने स्वतःची नेमणूक स्वतः केली नव्हती म्हणा. पण मालकांना नावं ठेवून करमत नाही, ते कुठे सीमारेषेवर फिल्डिंगला येतात? म्हणून आधी त्याला अनफॉलो, मग अनफॉलो केल्याचा स्क्रीनशॉट, मग त्याला लाइक किती आले ते दर पाच मिनिटांनी बघणं. आमच्या सोसायटीतले एक काका तेव्हा पोह्यांची बशी मांडीवर ठेवून टाइप करत होते. लिंबू पिळायला उजवा हात मोकळा नव्हता, काकूंना हाक मारावी लागली. निष्ठा म्हणतात ती ही! पुढे १ एप्रिलला वानखेडेवर टॉसच्या वेळी पब्लिकने हार्दिकची अशी हुर्यो उडवली, की संजय मांजरेकरांना माइकवरून 'नीट वागा' म्हणून सांगावं लागलं. घरचं मैदान, घरचाच कर्णधार. फोनवरचा सराव वाया जात नाही.

ऑलिंपिकसाठी मात्र एका रात्रीत तज्ज्ञ व्हावं लागतं. १ ऑगस्ट २०२४ च्या सकाळपर्यंत ज्यांनी कोल्हापूरच्या कांबळवाडीचं नावही ऐकलं नव्हतं, ते संध्याकाळी स्वप्नील कुसाळेच्या ब्राँझखाली 'आपला पोरगा' लिहून नेमबाजी समजावत होते. स्पर्धाही सोयीची: गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरायचा. तुम्हीही तिन्ही करता की. सोफ्यावर, पलंगावर आणि लोकलमध्ये.

मुलींच्या बाबतीत नियम सोपा. जेमिमा रॉड्रिग्जने गिटार वाजवतानाची रील टाकली की 'आधी बॅटिंग कर' लिहायचं. ३० ऑक्टोबर २०२५ ला तिने नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या, की तीच रील 'किती गोड' म्हणून फॉरवर्ड करायची. या दौऱ्यात जवळजवळ रोज रडत होते, असं ती त्या रात्री म्हणाली. त्याखाली रडका इमोजी टाका. हिशेब मिटला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पुसापुशी. २९ जून २०२४, बार्बाडोस, वर्ल्ड कपची फायनल, शेवटच्या षटकात १६ धावा वाचवायच्या आणि चेंडू कोणाच्या हातात? हार्दिकच्या. जिंकलो. ४ जुलैला त्याच वानखेडेवर 'हार्दिक, हार्दिक'चा गजर. त्या पाच दिवसांत आमच्या काकांनी डिसेंबरपासूनच्या कमेंट एकेक शोधून उडवल्या. त्या दिवशी पोहे गार झाले ते झालेच.

फक्त उडवण्याआधी मजकूर नोट्समध्ये चिकटवून ठेवा. आयपीएल दर वर्षी येते, नाव तेवढं बदलायचं.