आमच्या मैदानाचा आवाज कुणी पुसला?

गावच्या यात्रेचं कुस्ती मैदान यंदा आबांना बघता आलं नाही. गुडघे साथ देत नाहीत. म्हणून आठ दिवस ते व्हिडिओची वाट बघत होते. काल तो आला. लावला आणि दोन मिनिटांत माझं डोकं फिरलं. हलगी नाही. लोकांचा गलका नाही. निवेदकाचा आवाज नाही. सगळं काढून टाकून वर एआयची कॉमेंट्री चढवलीय! कुठल्याच गावची न वाटणारी एक गुळगुळीत बाई बोलतेय, "दोन्ही खेळाडूंमध्ये चुरशीची लढत सुरू आहे."

अरे, खेळाडू काय? पैलवान म्हणा ना!

पैलवानानं पट काढला, कब्जा घेतला, तरी "जबरदस्त पकड". ढाक हा वेगळाच डाव लावला, तरी "जबरदस्त पकड". खालचा नुसता दम खात पडलाय, तरी तेच. शेवटच्या जोडीत तर पोकळ घिस्सा या डावावर पोरगा चितपट झाला, पाठ मातीला लागली, पब्लिक आत धावलं, आणि बाई सांगतेय, "सामना रंगतदार अवस्थेत आहे." आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, झाली की कुस्ती!"

निवेदक काय करतो, हे या व्हिडिओवाल्यांना माहीत तरी आहे का? जोड लागायच्या आधी तो सांगतो, पोरगा कुणाचा, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, आजा कुणाबरोबर लढला होता. कुस्ती थंड पडली की हलगीवाल्याला हाक मारतो. वीस मिनिटं कुणी कुणाला सोडेना, की बक्षीस वाढवायला लावतो. हरलेल्या पोरालाही टाळ्या मिळवून देतो. आणि डाव बसणार हे त्याला आधी कळतं, तेव्हा तो एक क्षण गप्प होतो. त्या गप्प होण्यानं अंगावर काटा येतो. बाळ ज. पंडित रेडिओवर क्रिकेट सांगायचे तेव्हा आबांना न दिसणारं मैदान दिसायचं. इथं डोळ्यांसमोरचं मैदान झाकून टाकलं!

विम्बल्डनचं उदाहरण मला देऊ नका. २०२३ साली आयबीएमनं तिथल्या हायलाइट्सना एआयची कॉमेंट्री दिली, माहीत आहे. तिथं प्रत्येक गुणाची, सर्व्हिसच्या वेगाची नोंद संगणकात असते, त्यावरून यंत्र वाक्यं जुळवतं. आणि टीव्हीवर सामना सांगायला तेव्हाही माणसंच होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीनं नामवंत क्रीडा निवेदक अल मायकल्स यांचा यंत्रानं बनवलेला आवाज वापरला, तोही त्यांच्या संमतीनं आणि प्रेक्षकांना सांगून. आमच्या आखाड्यात कसली नोंद आहे? आणि आवाज यंत्राचा आहे, एवढी एक ओळ तरी पडद्यावर टाकलीत का? दिवसभर उन्हात घसा फोडून बोललेल्या माणसाला विचारलंत का?

मूळ आवाजाचा व्हिडिओ टाका. आजच टाका. आणि मैदानात बसून कुणी मोबाइलवर शेवटची जोड घेतली असेल, कितीही हललेली, धुळीनं भरलेली असली तरी मला पाठवा. आबांना ती ऐकायची आहे.