शंभर टक्के म्हणजे शंभरच!

दर वेळी तेच! झेरॉक्सवाल्याला तीनदा बजावतो, "दादा, प्रिंट शंभर टक्क्यांवरच काढा, 'फिट टू पेज' नको." तो मान डोलावतो, आणि घरी येऊन पट्टी लावावी तर दहा सेंटिमीटरची रेघ 9.7 भरते!

साठच्या दशकातल्या माझ्या स्केलेक्स्ट्रिकच्या, म्हणजे खाचेच्या ट्रॅकवर विजेवर पळणाऱ्या, खेळण्यातल्या रेसगाड्या 1:32 मापाच्या, खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढ्या. ट्रॅकशेजारी मांडायला छापून जोडायच्या कागदी इमारती मिळतात त्या बहुतेक रेल्वे मॉडेलवाल्यांच्या, 1:76 च्या. म्हणजे मूळ मापाच्या 237.5 टक्क्यांवर न्यायच्या, चार कागदांवर तुकडे पाडायचे. हे सगळं मी रात्री जागून करून नेतो हो! त्यातला एकच कागद आक्रसला की पिटच्या (रेसगाड्या दुरुस्तीला थांबतात ती जागा) भिंतीवरची विटांची ओळ जोडावर पायरीसारखी तुटते. ते लपवता येत नाही, कशानेही नाही.

वर 200 जीएसएमचा जाड कागद सांगितला तरी हातात पातळ साधाच पडतो. फेविकॉल लागला की फुगतो, घडीवर शाई उडून पांढरी रेघ उमटते.

काल टाइमकीपरच्या खोलीचं छप्पर बसवायला घेतलं. भिंती जुन्या प्रिंटच्या, छप्पर नव्या प्रिंटचं. तीन मिलिमीटर कमी. पुन्हा जायचं आता त्याच दुकानात!