दहा गुणांचं अधिष्ठान

बीएडला नंबर लागला? अभिनंदन. आता एक पेपर असा येईल की त्याचं नाव घेतानाच दम लागतो: शिक्षणाचं ऐतिहासिक आणि तात्त्विक अधिष्ठान. घाबरू नका. मी तो पेपर पास झालो, मग बावीस वर्षं मास्तरकी केली, आणि दोन्हींचा एकमेकांना कधी धक्का लागू दिला नाही. तुम्हालाही जमेल, फक्त थोडं पथ्य पाळावं लागतं.

उत्तराची सुरुवात ग्रीसपासून करा. प्लेटो, मग रूसो, फ्रोबेल, ड्यूई. नाव जितकं लांबचं, तितका तपासणारा खूश. रूसोवर चार ओळी जास्त लिहा. मुलाला निसर्गाच्या हवाली करा, असं त्याने १७६२ साली जगाला सांगितलं. स्वतःची पाचही मुलं त्याने अनाथालयाच्या हवाली केली होती, पण ते लिहू नका, गुण जातात. आपल्याकडे निसर्गवाद कसा राबवतात ते लिहायला हरकत नाही. कापूस फुटला की सातवीचा निम्मा वर्ग निसर्गाच्या सान्निध्यात असतो. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, म्हणजे गणितही आलं आणि ड्यूईचा कार्यवादही, करून शिकण्याचा.

जवळचा इतिहास मात्र टाळा. पाटणादेवीचंच घ्या. चाळीसगावच्या त्या डोंगरात सहल नेण्याची आपली पद्धत उत्तम आहे: उतरा, पोरं मोजा, दर्शन घ्या, डबे खा, पुन्हा पोरं मोजा, गाडीत बसा. तिथे एके काळी गणिताचा मठ होता हे सांगायच्या फंदात पडू नका. शके ११२८ मधला, म्हणजे १२०७ सालच्या आसपासचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला हा मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण गावाने काय द्यायचं हा विषय आला की लेख मुकाट्याने मराठीत उतरतो. संस्कृतात सांगितलं असतं तर देणाऱ्यांनी 'कळलं नाही' म्हणून हात वर केले असते. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचा राजाचा कर मठाला, आणि जितके घाणे चालतील त्यांच्यामागे पळी-पळी तेल.

त्या पळीत सगळी भानगड आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आमच्या तेल्याने घाणा फिरवायचा आणि त्यातलं पळीभर तेल गणित शिकणाऱ्या पोराच्या वाट्याला जायचं. ही गोष्ट वर्गात सांगितलीत, तर एखादं कार्टं नक्की विचारेल, "सर, मग आपल्या शायेले कोन तेल देतं?" आणि तुम्हाला लोकसहभागाची वही आठवेल. ती वही घेऊन मी स्वतः कृषी सेवा केंद्रापासून पानटपरीपर्यंत फिरलोय. एक पंखा मिळाला. त्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचं नाव आहे, म्हणून दात्याची इच्छा अशी की तो शक्यतो बंद ठेवावा. फिरला की नाव वाचता येत नाही.

तेलाचं निघालंच आहे म्हणून सांगतो. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तेलाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. त्या पैशातून आज अझीम प्रेमजींच्या नावाचं विद्यापीठ चालतं. बेंगळुरूत. घाणा आमचा, पळी तिकडे. असो.

शिक्षणाचं आर्थिक अधिष्ठान हा पेपर तुमच्या अभ्यासक्रमात नाही. तो तोंडी असतो आणि संस्थाचालकाच्या ओट्यावर होतो. त्याची तयारी बापाने करायची असते. नाल्याकडचे दोन बिघे निघतात, मग आईची पोत निघते, आणि मग तुम्ही अनुदानित वर्गावर उभं राहून 'शिक्षण ही पवित्र देवघेव आहे' असं मनापासून सांगू शकता. पाटणला गाव मठाला देत होतं. आता मास्तर मठाला देतो. इतिहासाची दिशा कशी बदलते, या प्रश्नावर हे उदाहरण चालेल, पण तोंडीच्या आधी लिहू नका.

तत्त्वज्ञान पाहिजे तर लांब जायला नको, बोरी नदीच्या काठी तयारच आहे. १९१६ साली प्रतापशेठांनी, गिरणीमालक माणसाने, अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा नामवंत तत्त्वज्ञ बंगालातून तिथे येऊन राहिला. गिरणीचा भोंगा ऐकत वेदान्ताची चर्चा होत असेल, अशी कल्पना मी परीक्षेच्या आदल्या रात्री केली होती. तेवढ्याने दोन गुण वाढले. साने गुरुजीही आधी त्या मंदिरात शिकायला आले आणि मग १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत मास्तर झाले. इथे सावध राहा. हा माणूस वसतिगृहात पोरांच्या खोल्या झाडायचा आणि 'छात्रालय दैनिक' नावाचं वर्तमानपत्र हाताने लिहून काढायचा. रोज. त्याचा अहवाल कुणाला पाठवायचा नव्हता, लिंक भरायची नव्हती, ग्रुपवर टाकायचं नव्हतं. असल्या कामाची नोंद कुठे धरणार? तुम्ही आपलं २४ डिसेंबरला तसबिरीला हार घाला, हार घालतानाचा फोटो काढा, आणि तो दुपारी दोनच्या आत अपलोड करा. झाडू मुलींच्या हातात असेल तर फोटोत येऊ देऊ नका.

महात्मा फुल्यांचं १८४८ एवढंच पाठ करा. १८८२ च्या हंटर आयोगापुढचं, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढचं, त्यांचं निवेदन उघडू नका. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्यांच्या शिक्षणावर, असं त्यात लिहिलंय. तेही एक वेळ चाललं असतं. पण मास्तर असा हवा की वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाजणार नाही, असंही ते म्हणतात. आता तुम्हीच सांगा, मूठ सुटावी म्हणून तर बीएड केलं, आणि नांगर होता ते दोन बिघे तर गेले. मेकॉले त्या मानाने सोयीचा. २ फेब्रुवारी १८३५ ला त्याने इंग्रजी शिक्षणाचं टिपण लिहिलं, तेव्हापासून सगळं त्याच्यावर ढकलता येतं, पत्र्याच्या गळतीसह.

पदवीदानाला हसू आवरा. तुमच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का असेल त्याला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. असोद्याच्या त्या बाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांना आपल्याकडे प्रवेश कुठल्या कोट्यातून मिळाला असता, हे मी एकदा कार्यालयात विचारलं होतं. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला मागितला.

राहिले सराव पाठ. हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या नावाने पाठाच्या पाच पायऱ्या आहेत, त्या चढल्याशिवाय तुमचा पाठ पूर्ण होत नाही. हर्बार्टने स्वतः चारच सांगितल्या होत्या, पाचवी चेल्यांनी वाढवली. चेल्यांचं हे काम आजही जोरात आहे. माझा सराव पाठ चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत होता, पाचवीला, विषय 'वनस्पतींचे पुनरुत्पादन'. केळीचा तक्ता रात्रभर जागून रंगवला होता. खिडकीबाहेर खरी केळीची बाग, वाऱ्याने पानं फाटलेली, घड झाकलेले. तिकडे पोरांचं लक्ष जाऊ नये म्हणून मी खिडकी लावून घेतली, मग तक्ता टांगला. प्रस्तावना झाली, हेतुकथन झालं. टाचणात पुढचा प्रश्न होता, आणि उत्तरही होतं.

"झाड कशापासून येतं?"

"बीपासून!" वर्ग एका सुरात ओरडला. टाचणात तसंच होतं.

मागच्या रांगेतलं एक पोरगं उभं राहिलं. पायात चप्पल नव्हती, आणि शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, जे आयुष्यात निघत नाहीत. "सर, केयीले बी नही ऱ्हास. कंद लावतस." एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. त्याने मृगबाग कधी लावतात, कांदेबाग कधी, बुडाशी फुटणारे मुनवे किती ठेवायचे आणि बाकीचे का कापायचे, सगळं सांगितलं. तीन-चार मिनिटं तरी बोलला असेल. मधल्या दोन पायऱ्या त्याने एकट्याने ओलांडल्या. माझ्या टाचणात त्याच्यासाठी जागा नव्हती. मी म्हणालो, "छान. केळी म्हण, केयी नाही. बस खाली."

मागे बसलेल्या मॅडमनी वहीत शेरा लिहिला. वही अजून आहे माझ्याकडे. लाल शाईत आहे: 'तक्ता आकर्षक. वर्गनियंत्रण उत्तम. खिडकी लावल्याने प्रकाश कमी.'