‘भुरीमुक्त’ खरबूज: एका फॉरवर्डची झाडाझडती

खरबुजाच्या लागवडी सुरू झाल्या की जालन्यापासून धाराशिवपर्यंतच्या शेतकरी ग्रुपांवर भुरीबद्दल, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीच्या रोगाबद्दल, एक मेसेज फिरायला लागतो. ‘भुरीप्रतिकारक वाण लावा, फवारणी विसरा. तरी भुरी आली तर बियाणं बोगस. भुरी ओलाव्यानं येते, पाणी तोडा. शेजारी द्राक्षबाग असेल तर खरबूज लावू नका. गावरान खरबुजाला भुरी लागतच नाही.’

‘फवारणी विसरा’ हे सगळ्यात महागात पडणारं. वाण प्रतिकारक आहे, पण भुरीच्या कोणत्या रेसला, म्हणजे उपप्रकाराला? खरबुजावरची भुरी मुख्यतः पोडोस्फेरा झँथी या बुरशीमुळे येते आणि तिच्या अनेक रेस आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सारख्याच दिसतात. ठरावीक खरबूज वाणांवर बुरशी सोडायची आणि कोणता वाण पांढरा पडतो ते पाहायचं, अशीच रेस ओळखतात. ‘पीएमआर 45’ हा वाण रेस 1 ला दाद देत नाही, रेस 2 पुढे मात्र हात टेकतो. ‘पीएमआर 5’ दोन्हींना पुरून उरतो. म्हणून परदेशी बियाण्यांच्या कॅटलॉगांत रोगाच्या नावापुढे 1, 2, 5 असे रेसचे आकडे छापतात. पाकिटावर नुसतं ‘भुरीस प्रतिकारक’ असेल तर विक्रेत्याला आकडा विचारा. त्याला सांगता आला नाही, तर फवारणीचा खर्च हिशेबात धरूनच लावा.

‘भुरी आली म्हणजे बोगस’ हे तर इतिहासालाही धरून नाही. कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत 1925 च्या सुमारास भुरीनं खरबूज झोडपलं. त्यावर उतारा म्हणून 1936 मध्ये ‘पीएमआर 45’ आला आणि 1938 मध्ये त्याच्यावरच भुरी दिसली. बियाणं अस्सल होतं, रेस नवी होती. एकच जनुक अडवत असेल आणि सगळीकडे तोच वाण असेल, तर त्याला चुकवणाऱ्या बुरशीला रान मोकळंच. बोगस बियाणं बाजारात नसतं असं मी म्हणत नाही. पण नुसत्या भुरीवरून ते सिद्ध होत नाही, आणि तक्रार घेऊन जाल तर तिथं हा मुद्दा निघणारच.

ओलाव्याचं म्हणणं केवडा (डाउनी मिल्ड्यू) या वेगळ्या रोगाला लागू पडतं. भुरीचे बीजाणू वाऱ्यावर येतात, त्यांना रुजायला पानावर पाणी साचावं लागत नाही. ड्रिप बंद करून भुरी हटत नाही, फळाचं वजन तेवढं घटतं. दाट वेलीत, सावलीतल्या जुन्या पानांवर ती आधी दिसते, म्हणून पाहणी तिथून करा. आणि ठिपके दिसले की गंधकाकडे धावताना आपलं ऊन विसरू नका: पारा पस्तिशीकडे गेला की गंधकानं खरबुजाची पानं करपतात, काही वाण तर त्याआधीच.

द्राक्षबागेचं भय निराधार. द्राक्षावरची भुरी वेगळ्या बुरशीची, ती खरबुजावर जगत नाही. धोका आहे तो बांधावरच्या जुन्या काकडीच्या आणि भोपळ्याच्या वेलींचा. त्या आधी काढा.

गावरानाबद्दलच्या दाव्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ‘पीएमआर 45’ मधला प्रतिकार मुळात भारतीय खरबुजातून गेलेला, ‘एमआर 1’ या दुसऱ्या भुरीप्रतिकारक खरबुजाचं मूळही भारतातलंच. पण हे गुण अनेक नमुने तपासून, त्यातून निवडून काढलेले होते. तुमच्या घरच्या बियाण्यात ते आहेत का, हे पाहायचं असेल तर त्याच्या दोन ओळी बाजारातल्या वाणाशेजारी लावा, फवारा मारू नका आणि खालच्या पानांवर आधी कुठं पांढरं येतं ते लिहून ठेवा.